हिस्पॅनिक तरुण आणि लोकसेवेतील नेतृत्व: काँग्रेशनल हिस्पॅनिक कॉकस इन्स्टिट्यूट

प्रास्ताविक



लोकशाहीतील प्रतिनिधित्व हा विषय आपण बहुतेक वेळा निवडणुकीच्या अंगाने शिकतो. मतदारसंघ, राखीव जागा, उमेदवारी, मतांची टक्केवारी यांभोवतीच चर्चा फिरते. या पाठात आपण त्याच विषयाकडे थोडे बाजूने पाहणार आहोत. निवडून आलेल्या प्रतिनिधीच्या कार्यालयात काम करणारी माणसे कोण असतात? ती तिथे कशी पोहोचतात? आणि एखाद्या समाजातले तरुण तिथे पोहोचतच नसतील, तर त्याचे कारण कुठे शोधायचे?

यासाठी आपण अमेरिकेतील एका ना-नफा संस्थेचे उदाहरण घेऊ. तिचे नाव काँग्रेशनल हिस्पॅनिक कॉकस इन्स्टिट्यूट, संक्षेपाने सीएचसीआय. १९७८ साली स्थापन झालेली ही संस्था राजधानी वॉशिंग्टनमधून काम करते. हिस्पॅनिक समाजातील तरुणांना शासन, कायदेमंडळ आणि सार्वजनिक धोरण या क्षेत्रांत नेतृत्वासाठी तयार करणे हे तिचे काम.

सुरुवातीलाच एक खुलासा करायला हवा. या पाठात ‘काँग्रेस’ हा शब्द येईल तो अमेरिकेच्या संसदेसाठी, आपल्याकडच्या पक्षासाठी नव्हे. या संसदेची दोन सभागृहे आहेत: ४३५ सदस्यांचे प्रतिनिधिगृह आणि १०० सदस्यांचे सिनेट. ‘कॉकस’ म्हणजे समान प्रश्नांवर एकत्र काम करण्यासाठी सदस्यांनी सभागृहात बनवलेला गट. तो पक्षाहून वेगळा असतो.

न घेतलेली संधी

एक काल्पनिक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. टेक्सास राज्याच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेल्या रिओ ग्रांदेच्या खोऱ्यात एक विद्यार्थिनी राज्यशास्त्र शिकते आहे. घरी स्पॅनिश बोलतात. वडील बांधकामावर जातात. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती एका दुकानात काम करते आणि त्या पैशांतून पुढच्या सत्राची फी भरते. एके दिवशी तिला वॉशिंग्टनहून निरोप येतो: एका काँग्रेस सदस्याच्या कार्यालयात उन्हाळाभर इंटर्न म्हणून तिची निवड झाली आहे. वेतन मात्र नाही.

आता ती हिशेब मांडते. जाण्यायेण्याचे विमानभाडे. देशातल्या महागड्या शहरांपैकी एका शहरात दोन महिन्यांचे घरभाडे. कार्यालयात शोभतील असे कपडे. रोजचे जेवण. आणि या सगळ्याच्या वर, दुकानातली जी मजुरी बुडणार ती. हिशेब जुळत नाही. ती आभार मानून नकार कळवते. तिची जागा अशा मुलाला मिळते ज्याचे आईवडील दोन महिन्यांचा खर्च सहज उचलू शकतात.

इथे कोणी भेदभाव केला का? निवड करणाऱ्याने तर तिलाच निवडले होते. नकार तिने स्वतः दिला. कुठल्याही नोंदीत हा अन्याय म्हणून दिसणार नाही. अभ्यासकांच्या दृष्टीने हीच यातली अवघड गोष्ट आहे. सीएचसीआयचे काम समजून घ्यायचे तर हा नकार लक्षात ठेवा, कारण संस्थेच्या बऱ्याचशा पैशाचा रोख याच नकाराकडे आहे.

‘हिस्पॅनिक’ कोणाला म्हणायचे?

वर्गात हा प्रश्न हमखास येतो, म्हणून आधी तो घेऊ. ‘हिस्पॅनिक’ हा वंश नाही, धर्म नाही, एका देशातून आलेल्यांचा समूहही नाही. स्पॅनिश भाषा आणि स्पेनच्या पूर्वीच्या वसाहती यांच्याशी ज्यांचे मूळ जोडलेले आहे अशा लोकांसाठी वापरला जाणारा तो प्रशासकीय शब्द आहे. या शब्दाखाली मेक्सिकन, प्वेर्तो रिकन, क्यूबन, साल्वादोरन, डोमिनिकन असे अनेक समूह येतात. त्यांत मेक्सिकन मुळाचे लोक निम्म्याहून अधिक आहेत. त्यांच्यातल्या काहींचे पूर्वज टेक्सास किंवा न्यू मेक्सिको अमेरिकेत सामील होण्याआधीपासून तिथेच राहत होते. सीमा त्यांच्यावरून सरकली. प्वेर्तो रिकोच्या लोकांना १९१७ पासून अमेरिकेचे नागरिकत्व आहे, पण बेटावर राहत असतील तर अध्यक्षपदासाठी मत देता येत नाही. क्यूबातून आलेले बरेच लोक १९५९ च्या क्रांतीनंतरचे. इतके वेगळे इतिहास एका शब्दात बसवले की काही गोष्टी झाकल्या जातातच.

मग हा शब्द हवा कशाला? मोजणीसाठी. १९७६ साली काँग्रेसने कायदा करून स्पॅनिश मुळाच्या अमेरिकनांविषयी आर्थिक आणि सामाजिक आकडेवारी गोळा करण्याची जबाबदारी सरकारी खात्यांवर टाकली. १९८० च्या जनगणनेत हा प्रश्न प्रथमच सर्व कुटुंबांना विचारला गेला. १९७० मध्ये तो फक्त नमुन्यादाखल निवडलेल्या कुटुंबांना विचारला होता. १९८० ची संख्या निघाली सुमारे १ कोटी ४६ लाख. २०२० मध्ये ती ६ कोटी २१ लाखांवर गेली, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या १८.७ टक्के. ज्याची मोजणी होत नाही त्याच्यासाठी शाळा, दवाखाने, मतदारसंघ यांचा हिस्साही मागता येत नाही. जातनिहाय जनगणनेवरची आपल्याकडची चर्चा ज्यांनी ऐकली आहे त्यांना हा मुद्दा वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

आज बरेच तरुण ‘हिस्पॅनिक’पेक्षा ‘लॅटिनो’ हा शब्द पसंत करतात. या पाठात संस्थेच्या नावाप्रमाणे ‘हिस्पॅनिक’ हाच शब्द ठेवला आहे.

एडवर्ड रॉयबल: मतदार नोंदणीपासून कॉकसपर्यंत

१९७६ च्या मोजणीच्या कायद्यामागे ज्यांचा पुढाकार होता ते एडवर्ड रॉयबल हेच सीएचसीआयच्या संस्थापकांपैकी एक. त्यांची वाटचाल थोडी सविस्तर पाहू, कारण संस्थेमागचा विचार तिच्यात सापडतो.

रॉयबल यांचा जन्म १९१६ साली न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्क येथे झाला. लॉस एंजेलिसमध्ये ते क्षयरोग प्रतिबंधाचे काम करत, म्हणजे वस्त्यावस्त्यांतून लोकांना तपासणीसाठी तयार करण्याचे काम. १९४७ साली ते तिथल्या नगरपरिषदेची निवडणूक लढले आणि हरले. हरल्यानंतर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे केले ते महत्त्वाचे आहे. त्यांच्या भागात मेक्सिकन वंशाचे लोक भरपूर होते, पण मतदार यादीत त्यांची नावेच नव्हती. फ्रेड रॉस या संघटकाच्या मदतीने त्यांनी कम्युनिटी सर्व्हिस ऑर्गनायझेशन उभी केली, घरोघरी जाऊन हजारो नव्या मतदारांची नोंदणी केली, आणि १९४९ मध्ये रॉयबल निवडून आले. विसाव्या शतकात लॉस एंजेलिसच्या नगरपरिषदेत बसलेले ते पहिले मेक्सिकन-अमेरिकन.

याच संघटनेच्या कामातून पुढे सेझार चावेझ आणि डोलोरेस ह्युर्टा हे शेतमजुरांचे नेते घडले. चावेझ यांना १९५२ साली फ्रेड रॉस यांनीच या कामात ओढले. मतदार नोंदणी, नागरिकत्वाच्या परीक्षेचे वर्ग, अर्ज भरून देणे अशा रोजच्या कंटाळवाण्या कामातून माणसे तयार होत गेली. नेतृत्वाचे वर्ग कोणी घेतले नव्हते. पण शिकवणारा, शिकणारा आणि काम या तिन्ही गोष्टी एका जागी होत्या.

१९६३ पासून रॉयबल प्रतिनिधिगृहात होते. डिसेंबर १९७६ मध्ये पाच सदस्यांनी काँग्रेशनल हिस्पॅनिक कॉकसची स्थापना केली: कॅलिफोर्नियाचे रॉयबल, टेक्सासचे किका दे ला गार्सा आणि हेन्री गोन्झालेझ, न्यूयॉर्कचे हर्मन बादिलो, आणि प्वेर्तो रिकोचे बाल्तासार कोर्रादा. यांतले कोर्रादा हे ‘निवासी आयुक्त’ होते. प्वेर्तो रिकोच्या या प्रतिनिधीला सभागृहात बोलता येते, पण विधेयकावरच्या अंतिम मतदानात मत नसते. म्हणजे पाच जणांचा गट, त्यातले एक मत नसलेले. ४३५ जणांच्या सभागृहात याने काय होणार, असे तुम्हाला वाटेल. पण पाच जणांनी एकत्र येऊन पत्र लिहिले की खात्याला उत्तर द्यावे लागते, आणि वर्तमानपत्रांना विचारायला एक पत्ता मिळतो.

दोनच वर्षांनी, १९७८ मध्ये, रॉयबल, दे ला गार्सा आणि कोर्रादा यांनी कॉकसच्या नावाची एक ना-नफा संस्था नोंदवली. १९८५ मध्ये शिक्षणावरचा भर स्पष्ट करण्यासाठी तिचे नाव काँग्रेशनल हिस्पॅनिक कॉकस इन्स्टिट्यूट झाले.

कॉकस आणि संस्था वेगळ्या का?

इथे विद्यार्थी गोंधळतात, म्हणून थोडे थांबू. नाव जवळजवळ तेच, संस्थापक तेच, मग दोन संस्था कशासाठी?

कॉकस हा सभागृहातला गट. तो कायद्यांवर भूमिका घेतो. त्याच्या जागेचा आणि कर्मचाऱ्यांचा खर्च त्या काळी सभागृहाच्या साधनांतून होई. १९८१ मध्ये सभागृहाने अशा गटांसाठी नवे नियम आणले: सभागृहाची जागा आणि साधने वापरायची असतील तर बाहेरून निधी उभारता येणार नाही. तेव्हा कायदेविषयक काम सभागृहात राहिले आणि निधी घेणारी शैक्षणिक संस्था बाहेर पडली. पुढे १९९५ मध्ये प्रतिनिधिगृहाने अशा गटांना स्वतंत्र कर्मचारी आणि कार्यालय ठेवण्याची सोयच काढून घेतली. त्यानंतर बाहेर असलेल्या संस्थांचे वजन आणखी वाढले.

दुसरे कारण करकायद्याचे. सीएचसीआय अमेरिकी करसंहितेच्या कलम ५०१(सी)(३) खाली येते. आपल्याकडे कलम ८० जी खाली मान्यता असलेल्या संस्थेला देणगी दिली की देणगीदाराला करसवलत मिळते, साधारण तशीच ही तरतूद. पण या सवलतीची एक किंमत आहे. अशा संस्थेला कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करता येत नाही. ही बंदी १९५४ मध्ये लिंडन जॉन्सन यांनी सिनेटर असताना सुचवली, आणि आजही ती त्यांच्या नावाने ओळखली जाते.

योगायोग पाहा. हेच जॉन्सन १९२८ साली, स्वतः विद्यार्थी असताना, टेक्सासमधील कोटुला या गावात मेक्सिकन मुलांच्या शाळेत शिक्षक होते. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांनी १९६५ च्या मतदान हक्क कायद्यावर सही केली आणि १९६८ मध्ये ‘हिस्पॅनिक वारसा सप्ताहा’ला मान्यता दिली. १९८८ मध्ये या सप्ताहाचा महिना झाला. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात तो पाळला जातो, आणि सीएचसीआयचा वार्षिक निधी-समारंभही याच सुमारास होतो.

थोडक्यात, ही संस्था ‘अमक्याला निवडून द्या’ असे म्हणू शकत नाही. राजकारणी घडवायचे, पण राजकीय प्रचार करायचा नाही, अशी तिची चौकट आहे. त्यामुळे तिला निवडणुकीच्या आधीच्या टप्प्यावर काम करावे लागते: विद्यार्थी, नवे पदवीधर, सुरुवातीच्या नोकऱ्या.

कार्यालयातली शिडी

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. संस्थेचे मुख्य कार्यक्रम दोन प्रकारचे. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी इंटर्नशिप: उन्हाळ्यात दोनेक महिन्यांची, इतर सत्रांत तीनेक महिन्यांची. विद्यार्थ्याला काँग्रेस सदस्याच्या कार्यालयात नेमले जाते, आणि संस्था त्याला प्रवास, निवास आणि विद्यावेतन देते. नव्या पदवीधरांसाठी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी नऊ महिन्यांची फेलोशिप असते; त्यात आरोग्य, गृहनिर्माण, कायदा, शिक्षण अशा एखाद्या धोरणक्षेत्रात काम करता येते. शाळकरी मुलांसाठीही एक कार्यक्रम आहे. कार्यालयातल्या कामाच्या जोडीला नेतृत्वाची सत्रे होतात आणि फेलोंकडून समाजोपयोगी उपक्रमही करवून घेतले जातात.

या इंटर्नला काम काय असते? फोन घेणे. मतदारांची पत्रे विषयवार लावणे. गावाकडून आलेल्या पाहुण्यांना कॅपिटॉलची इमारत फिरवून दाखवणे. समितीच्या सुनावणीला बसून टिपण काढणे. हे वाचून तुमची निराशा झाली असेल, तर थोडे थांबा.

प्रतिनिधिगृहातील एका सदस्याला जास्तीत जास्त १८ कायम कर्मचारी ठेवता येतात. तो साधारण साडेसात लाख लोकांचे प्रतिनिधित्व करतो. सत्रात शेकडो विषयांवर मतदान होते. प्रत्येक विधेयक सदस्य स्वतः वाचत नाही, वाचू शकतही नाही. तो टिपण वाचतो. ते टिपण धोरण सहायक लिहितो. सहायकाच्या वर विधिविषयक संचालक, त्याच्या वर कार्यालयाचा प्रमुख, ज्याला चीफ ऑफ स्टाफ म्हणतात. आणि या शिडीची पहिली पगारी पायरी, स्टाफ असिस्टंट, बऱ्याचदा कोणाला मिळते? ज्याने आधी इंटर्न म्हणून फोन घेतले आहेत त्याला. कारण त्याला कार्यालय माहीत असते आणि कार्यालयाला तो माहीत असतो. म्हणजे पंचविसाव्या वर्षी टिपण लिहिणारा माणूस विसाव्या वर्षी उन्हाळ्यात पगाराशिवाय राहू शकला होता का, या प्रश्नावर बरेच काही ठरते.

शिडीच्या वरच्या टोकाला काय दिसते? जॉइंट सेंटर फॉर पोलिटिकल अँड इकॉनॉमिक स्टडीज या संस्थेने २०१५ साली सिनेटमधील वरिष्ठ कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. देशाच्या लोकसंख्येत श्वेतेतर लोक सुमारे ३६ टक्के होते. सिनेटच्या वरिष्ठ कर्मचाऱ्यांत ७.१ टक्के. ही माणसे निवडून आलेली नसतात, त्यामुळे मतदार त्यांना बदलू शकत नाहीत. मतदान हक्क कायदा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

आणि टिपण कोण लिहितो याने काय फरक पडतो? एक उदाहरण घेऊ. १९७५ मध्ये मतदान हक्क कायद्यात दुरुस्ती होऊन ठराविक भागांत इंग्रजीखेरीज इतर भाषांतही मतपत्रिका देणे बंधनकारक झाले. ‘नागरिकाला इंग्रजी यायलाच हवे, मग दुसरी मतपत्रिका कशाला?’ असा आक्षेप तेव्हा होता, आजही आहे. ज्या सहायकाने आपल्या आजीला मतपत्रिका वाचून दाखवली आहे त्याला हा आक्षेप पुस्तकातून समजून घ्यावा लागत नाही. तो चूक ठरू शकतो, त्याचे मत वेगळेही असू शकते. पण प्रश्न त्याला दिसतो.

नेतृत्वविकास म्हटले की आपल्याकडे भाषणकला, देहबोली, आत्मविश्वास यांची शिबिरे आठवतात. सीएचसीआयच्या कार्यक्रमातही सत्रे आहेत, आणि ती निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. पण माझ्या मते या कार्यक्रमाचा खरा गाभा घरभाडे आहे. आपल्या रिओ ग्रांदेच्या विद्यार्थिनीकडे आत्मविश्वास नव्हता असे नाही. तिच्याकडे दोन महिन्यांचे भाडे नव्हते.

मर्यादा आणि टीका

पहिली टीका पैशाच्या स्रोतावर आहे. संस्थेचा निधी मोठ्या प्रमाणात कंपन्यांच्या प्रायोजकत्वातून येतो. यांतल्या अनेक कंपन्यांचे हितसंबंध काँग्रेससमोरच्या कायद्यांत असतात. कॉकसच्या सदस्यांच्या जवळ जाण्याचा हा सोयीचा मार्ग ठरतो का, हा प्रश्न कॉकसशी जोडलेल्या अशा सर्वच संस्थांना विचारला गेला आहे. बचावाची बाजू अशी की सरकारी पैसा नाही, सभागृहाचा पैसा वापरता येत नाही, गरीब समाजाच्या वर्गणीतून वॉशिंग्टनचे भाडे निघत नाही. मग पैसा आणायचा कुठून? दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

दुसरी अडचण ‘हिस्पॅनिक’ या एका शब्दाची, जी आपण वर पाहिली. १९९० च्या दशकात क्यूबाविषयीच्या धोरणावरून कॉकस फुटला. तेव्हाचे अध्यक्षपदाचे दावेदार हाविएर बेसेरा क्यूबाला जाऊन आले होते. मियामीचे क्यूबन वंशाचे रिपब्लिकन सदस्य लिंकन दियाझ-बालार्ट आणि इलियाना रोस-लेहतिनेन १९९७ च्या सुमारास बाहेर पडले. २००३ मध्ये रिपब्लिकन हिस्पॅनिक सदस्यांनी आपला वेगळा गट केला आणि काँग्रेशनल हिस्पॅनिक लीडरशिप इन्स्टिट्यूट ही वेगळी संस्थाही स्थापन केली. २०१७ मध्ये रिपब्लिकन सदस्य कार्लोस कुर्बेलो यांनी मूळ कॉकसमध्ये प्रवेश मागितला, तो मतदानाने नाकारला गेला. संस्था कायद्याने पक्षनिरपेक्ष आहे. तिचे नाव ज्या कॉकसशी जोडलेले आहे तो मात्र आज एका पक्षाचा आहे. हा ताण नजरेआड करून संस्थेचा अभ्यास पुरा होत नाही.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची, आणि ती संस्थेची चूक नाही: संख्या. एक संस्था वर्षाला मोजक्याच विद्यार्थ्यांचे भाडे भरू शकते. बाकीच्यांसाठी दार तसेच राहते. आता हे दार असे का होते, ते पाहा. १९९५ मध्ये काँग्रेसने कामगारविषयक बरेच कायदे स्वतःला लागू करून घेतले. मात्र किमान वेतनाच्या संरक्षणातून इंटर्नना वगळले. देशाला किमान वेतन देणारे सभागृह आपल्या कार्यालयात विनावेतन काम करून घेत राहिले, आणि ते कायदेशीर होते.

२०१६-१७ च्या सुमारास कार्लोस मार्क व्हेरा आणि गिलेर्मो क्रीमर या दोन तरुणांनी ‘पे अवर इंटर्न्स’ ही संघटना सुरू केली. व्हेरा यांनी स्वतः वॉशिंग्टनमध्ये बिनपगारी इंटर्नशिप केल्या होत्या. कोणत्या पक्षाची किती कार्यालये इंटर्नना पैसे देतात याची त्यांनी नुसती मोजदाद केली आणि ती प्रसिद्ध केली. २०१८ मध्ये मंजूर झालेल्या अर्थसंकल्पात प्रतिनिधिगृहाच्या प्रत्येक सदस्याला इंटर्नच्या वेतनासाठी २० हजार डॉलर आणि सिनेटसाठी एकूण ५० लाख डॉलर ठेवले गेले. २०२२ च्या शरद सत्रापासून राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातले इंटर्नही पगारी झाले.

इथे दोन पद्धती शेजारी ठेवून पाहा. सीएचसीआयने चार दशके निवडक तरुणांना दाराच्या आत नेले. ‘पे अवर इंटर्न्स’ने दारावरचा नियम बदलण्याचा आग्रह धरला. पहिली पद्धत मंद आहे, पण उद्यापासून सुरू करता येते आणि निवडलेल्या विद्यार्थ्याला सोबतही देते. दुसरी सर्वांना लागू होते, पण तिच्यात ओळखी, राहण्याची जागा, अनोळखी शहरातला आधार यांची सोय नाही. आणि २० हजार डॉलरमध्ये वर्षभरात फार इंटर्न बसत नाहीत. शिवाय पैसे मिळाले तरी अर्ज कसा करायचा हे कोणीतरी सांगावे लागतेच.

एक वेगळी वाट

सगळ्याच संस्था वॉशिंग्टनकडे तोंड करून बसलेल्या नाहीत. टेक्सासमध्ये एर्नेस्टो निएतो यांनी १९७९ मध्ये नॅशनल हिस्पॅनिक इन्स्टिट्यूट सुरू केली. तिचा भर शाळकरी वयाच्या मुलांवर आहे. लोरेन्झो दे झावाला यांच्या नावाने ती युवा विधिमंडळ भरवते. युकातानमध्ये जन्मलेले दे झावाला १८३६ मध्ये टेक्सास प्रजासत्ताकाचे पहिले हंगामी उपाध्यक्ष होते, आणि हे नाव मुद्दाम निवडलेले आहे: आपण इथल्या राज्यकारभारात कालपरवा आलेलो नाही, हे मुलांना कळावे म्हणून. या युवा विधिमंडळात मुले पदांसाठी निवडणुका लढवतात, विधेयके मांडतात, हरतात. प्रतिनिधिगृहाच्या सदस्य अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्तेझ शाळकरी वयात यात सहभागी होत्या.

फरक ध्यानात घ्या. सीएचसीआय विद्यार्थ्याला खऱ्या सत्तेच्या खोलीत छोटे काम देते. युवा विधिमंडळात खोली खोटी असते, काम मात्र मोठे.

स्वाध्याय

तुमच्या जिल्ह्यातील खासदार किंवा आमदारांच्या कार्यालयात कोण काम करते याची माहिती काढा: किती जण, कोणत्या भाषा बोलणारे, नेमणूक कशी झालेली. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था २०१० पासून खासदारांसोबत तरुण पदवीधरांना काम देणारी ‘लॅम्प’ फेलोशिप चालवते. तिच्या अटी आणि विद्यावेतन सीएचसीआयच्या कार्यक्रमाशी ताडून पाहा. त्यानंतर गेल्या दोन वर्षांत तुमच्या महाविद्यालयातील किती विद्यार्थ्यांना बाहेरगावची इंटर्नशिप मिळाली, आणि त्यांपैकी किती जणांनी खर्चामुळे ती नाकारली, याची चौकशी करा. दुसरा आकडा महाविद्यालयाच्या कार्यालयात मिळणार नाही; तो मित्रांना विचारूनच काढावा लागेल.